जुन्या मोटरबोटीची सीट: रेक्झिनआधी फळी बघा

फाटलेलं रेक्झिन डोळ्यांना दिसतं, पण खरा बिघाड बहुधा खालच्या फळीत असतो. शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपतं, साधा फोम ते धरून ठेवतो आणि प्लायवूड कुजतं. नवी फळी ‘आयएस ७१०’ दर्जाच्या मरीन प्लायची घ्यावी, कापलेल्या कडांना इपॉक्सी लावावं, पाणी निथळायला तळाशी भोकं ठेवावीत. स्टेपलच्या पिना ३१६ स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. साध्या पिना खाऱ्या हवेत गंजून तपकिरी ओघळ सोडतात. सुती दोरा तर नकोच, उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा घ्यावा. जुनं कव्हर मात्र टाकू नका. शिवण उसवून तुकडे सपाट केले, की कापणीचा नमुना तयार. गडद रंग मोहात पाडतो, पण भर दुपारी त्यावर बसवत नाही.