हिरड्यांचें अन्न



दांत दुखूं लागला म्हणजे मनुष्य तत्काळ दंतवैद्याकडे धांव घेतो. परंतु दांत घासतांना चूळ तांबूस झाली, तर तिकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. दांत हें झाड मानलें, तर हिरडी ही त्याची जमीन होय. या जमिनीला कस कोठून मिळतो, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हिरडी आणि दांताला जबड्याशीं बांधून ठेवणारे बंध हे कोलॅजन नांवाच्या चिवट तंतूंचे विणलेले असतात. हे तंतू सारखे झिजतात व सारखे नवे होतात. त्यांना पक्का पीळ बसण्यास 'क' जीवनसत्त्व अवश्य लागतें. तें नसेल तर तंतू कच्चे राहतात, हिरड्या सुजून मऊ पडतात, रक्त वाहतें आणि अखेरीस निरोगी दांतही हलूं लागतात. हाच स्कर्व्ही नांवाचा रोग. बकरी हें सत्त्व आपल्या शरीरांतच तयार करते. मनुष्यास तें अन्नांतूनच घ्यावें लागतें, आणि फार दिवस सांठवितांही येत नाहीं. एक ते तीन महिने तें मुळींच मिळालें नाहीं, कीं लक्षणें दिसूं लागतात.

इ. स. १७४७ मध्यें 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या वैद्यानें अशा बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीस शिरका, दुसरीस समुद्राचें पाणी, असे निरनिराळे उपाय योजिले. ज्या जोडीस संत्रीं व लिंबें मिळालीं, ती आठवड्याच्या आंत झपाट्यानें सुधारली. तथापि आरमारांत लिंबाचा रस रीतसर मिळण्यास १७९५ साल उजाडावें लागलें!

दुसरा दाखला आपल्या जवळचा आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियांत कुट-अल-अमारा येथें पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यांत अडकली होती. तींत मराठा पलटणीही होत्या. भाजीपाला दुर्मिळ झाला. गोरे सैनिक घोड्याचें ताजें मांस खात. त्यांत या सत्त्वाचा थोडा अंश असतो. हिंदी शिपायांनीं तें बरेच दिवस नाकारलें, आणि स्कर्व्हीनें त्यांनाच अधिक गांठलें. कोरड्या धान्यांत व कडधान्यांत हें सत्त्व नसल्यासारखेंच असतें. परंतु तेंच कडधान्य भिजवून त्याला मोड आणले, कीं त्यांत तें नव्यानें उत्पन्न होतें! १९१८ सालीं सर्बियन सैनिकांचा स्कर्व्ही मोड आलेल्या घेवड्यानें बरा केल्याची नोंद आहे. आपल्या घरची मटकीची उसळ अशी गुणाची आहे.

प्रौढ माणसास रोज ६५ ते ८० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व पुरतें. एका मध्यम पेरूंत तें शंभराहून अधिक असतें. आवळा तर त्याहून सरस. मात्र हें सत्त्व नाजूक आहे. तें पाण्यांत विरघळतें व उष्णतेनें नासतें. म्हणून भाजी चिरण्यापूर्वीं धुवावी, चिरून ठेवूं नये, शिजविलेलें पाणी टाकूं नये. लिंबू उकळत्या आमटींत न पिळतां पानांत पिळावें. तांब्याच्या संसर्गानेंही तें लवकर नष्ट होतें. तेव्हां पितळी भांड्यास कल्हई हवीच.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आज हिरड्यांतून रक्त येण्याचें नेहमींचें कारण म्हणजे दांतांच्या मुळाशीं सांचणारा जंतूंचा थर. तो घासूनच काढावा लागतो. आवळा खाऊन तो जात नाहीं. तंबाखू व मिश्री यांनीं हिरडीची हानीच होते. रक्त थांबत नसेल, तर दंतवैद्यास दाखवावें व मधुमेहाची तपासणीही करून घ्यावी.

शेवटीं माझ्या वयाच्या मंडळींविषयीं. दांत हलूं लागले, कीं म्हातारीं माणसें फळें व कोशिंबीर सोडतात आणि मऊ भात, चहा व बिस्किटें यांवर दिवस काढतात. हिरडीला जें हवें, तेंच हिरडी दुखते म्हणून ताटांतून जातें, आणि दुखणें अधिकच वाढतें. हें चक्र घरच्या माणसांनीं मोडावें. पेरूचा मऊ गर, मोसंब्याचा ताजा रस, किसलेला आवळा, वरणावर पिळलेलें लिंबू, यांस दांतांची गरज नाहीं. आजोबांचें ताट रिकामें झालें कीं नाहीं हें आपण पाहतोंच; त्यांत ताजें असें काय होतें, हेंही रोज पाहत जावें.