पेशीचा अप्रमाद

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांचा एक ग्रंथ असतो. त्याचे नाव डीएनए. ए, टी, जी, सी ही त्याची चारच अक्षरे. एसमोर टी आणि जीसमोर सी, हा त्यांचा नियम. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी हा संपूर्ण ग्रंथ काही तासांत नकलून काढावा लागतो.

नक्कल करणारे विकर म्हणजे डीएनए पॉलिमरेझ. केवळ त्याच्या अक्षरनिवडीवर भिस्त ठेवली, तर साधारण लाखात एक अक्षर चुकेल. म्हणून ते नुकतेच बसवलेले अक्षर तपासते आणि चुकल्यास मागे सरून काढून टाकते. यातूनही निसटलेली चूक इतर प्रथिने शोधतात व नव्या धाग्याचा तेवढा तुकडा कापून पुन्हा लिहून घेतात. ही दुरुस्ती उलगडणारे पॉल मॉड्रिच हे २०१५ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. दोन्ही तपासण्यांनंतर शंभर कोटी अक्षरांत जेमतेम एखादी चूक उरते. हानी मोठी असेल, तर पेशी विभाजन थांबवते. दुरुस्ती अशक्य झाल्यास पी५३ या प्रथिनाच्या इशाऱ्यावर स्वतःचा अंत करून घेते.

अशा जागरूकतेला धम्मात अप्रमाद म्हणतात. पेशीला चित्त नाही, म्हणून हे साम्य उपमेपुरतेच. हा पहारा मोडू शकतो तो मात्र आपला प्रमाद. तंबाखूतील नायट्रोसअमाइन्समुळे डीएनएची अक्षरे विकृत होतात व नकलेत चुकीची वाचली जातात. ही हानी रोज होत राहिली, की दुरुस्ती अपुरी पडते. पी५३ चेच जनुक बिघडले, तर कर्करोगाची वाट मोकळी होते. खऱ्यातील सुपारीही निर्दोष नाही; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिला कर्करोगकारक ठरवले आहे.

वर्गात हा पाठ शिकवताना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो : कर्करोग हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नव्हे. नकलेतील काही चुका कोणाच्याही दोषाविना घडतात. म्हणून रुग्णाला बोल लावू नये. जी कारणे दूर करता येतात, ती मात्र दूर करावीत. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावी. पाचवे शील आपण सारे वंदनेत म्हणतो. खऱ्याची पुडी न उघडणे, हेही त्याचेच पालन होय.