चूक कुठली आणि आई कुठली?

२००९ सालच्या ‘अवतार’ चित्रपटातली निळी माणसे खरीखुरी हसताना-रडताना पाहून आपण थक्क झालो होतो. बेंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच रजनीकांत, यांचा २०१४ सालचा ‘कोचडैयान’ही नटांच्या हालचाली टिपूनच घडवलेला. यातली चेहऱ्याची किमया सांगायला सोपी. नटाच्या तोंडावर ठिपके काढायचे, डोक्याला बांधलेल्या छोट्या कॅमेऱ्याने ते टिपायचे आणि ते जसे सरकतील तसा पडद्यावरचा चेहरा हलवायचा. करायला ती किती अवघड, हे मला गेल्या दिवाळीत मुरगूडला आमच्या घरी कळले.

माझा पुतण्या ही विद्या शिकतो. आजीने गोष्ट सांगावी आणि तिच्याच हावभावांनी ती पडद्यावरच्या म्हातारीने सांगावी, असा त्याचा बेत. सायकलच्या हेल्मेटला सळई लावून तिच्या टोकाला त्याने मोबाइल बांधला आणि काजळाच्या पेन्सिलीने आईच्या चेहऱ्यावर चाळीसएक ठिपके काढले.

“आजी, जरा हस की!”

“अरे, हसू काय मागितल्यावर येतंय व्हय?” आई म्हणाली आणि हसलीच.

तिथेच पहिली अडचण आली. गालाची सुरकुती मिटली, तिच्यातला ठिपका गडप झाला आणि संगणकाने शेजारचा तीळच ठिपका म्हणून धरला. ओठ मिटले की वरचा आणि खालचा ठिपका जवळ येत आणि त्यांची अदलाबदल होई. त्यात अभ्यंगस्नानाचे तेल! त्याच्या चकाकीत काही ठिपके दिसेनातच.

उपाय साधेच निघाले. तेल पुसून पावडर लावली. ठिपके सुरकुतीच्या खाचेतून बाजूला घेतले. ओठांवरचे वेगळ्या रंगाचे केले. उजेड वाढवला, म्हणजे प्रत्येक चित्र कमी वेळात टिपता येते आणि ठिपक्यांचे फराटे होत नाहीत.

तरी पडद्यावरचा चेहरा थरथरतच होता. पुतण्याने संगणकाकडून हालचाल गुळगुळीत करून घेतली. थरथर गेली. आईने पाहिले नि विचारले, “ही कोण बाई?”

बोलताना आईचा ओठ डावीकडे किंचित थरथरतो. यंत्राने तोही चुकीत जमा करून पुसून टाकला होता. उरली होती नुसती बाहुली.

मग चूक कुठली आणि आई कुठली, हे ओळखायचे कसे? नाकाच्या वरच्या हाडावरची कातडी बोलताना फारशी हलत नाही. तिथले ठिपके हलले, तर हलते आहे ते हेल्मेट. तेवढी हालचाल सगळ्या ठिपक्यांतून वजा करायची. कपाळ इथे चालत नाही, भुवयांबरोबर तेही हलते. वजाबाकीनंतर जी थरथर उरेल, ती मूळ चित्रणाशी एकेक चित्र ताडून पाहायची. चित्रणात ठिपका स्थिर आणि संगणकाची खूण मात्र भरकटलेली, तर तेवढीच खूण हाताने जागेवर आणायची. चित्रणातही ओठ हलत असेल, तर ती हालचाल खरी. तिला हात लावायचा नाही.

पुतण्याने हेल्मेटमध्ये फडके कोंबून ते घट्ट बसवले आणि सगळे पुन्हा टिपले. या खेपेस गुळगुळीत काहीच केले नाही. पडद्यावरची म्हातारी बोलू लागली, तिचा ओठ डावीकडे थरथरला.

“व्हय, ही मीच,” आई म्हणाली, आणि आपलीच गोष्ट ऐकत बसली.