युकुलेलेची मान: आधी रेषा बघा, मग करवत लावा

युकुलेलेच्या मानेसाठी फळी निवडताना लाकडाच्या रेषा मानेच्या लांबीला समांतर हव्यात. फळीची वरची बाजू आणि कड, दोन्ही बघा. शंका असेल तर टोकाचा छोटा तुकडा छिन्नीने फोडा. चीर जिकडे जाईल तीच रेषांची खरी दिशा.

खरा धोका डोक्याशी. डोकं मागे कललेलं असतं. अखंड फळीतून कोरलं, तर तिथल्या रेषा आडव्या कापल्या जातात आणि वाद्य पडलं की नेमकं तिथेच मोडतं. म्हणून फळीला साधारण 15 अंशांचा तिरका काप द्या, दोन्ही काप रंध्याने सपाट करा, तुकडा उलटवून चिकटवा. हाच स्कार्फ जॉइंट.

एवढी मेहनत आज वाचवाल, पण मोडून परत आलेल्या एका युकुलेलेपायी नफाही जाईल आणि गिऱ्हाईकही.