पुरुमेत आणि पत्र्याची पेटी

मृगाचा पाऊस दाराशी येण्यापूर्वी आपल्या मोरजी गावात घरोघरी एक निराळीच लगबग सुरू होते. उकडे तांदूळ उन्हात पसरले जातात, भिरंडे फोडून सोले वाळविली जातात, मिरच्या, चिंच, जाडे मीठ, सुके बांगडे यांनी बरण्या नि डबे भरतात आणि पडवीत सरपण व माडाची चुडते रचली जातात. या बेगमीस आपण ‘पुरुमेत’ म्हणतो. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’ याचा अपभ्रंश होय. ते राज्य १९६१ साली गेले, शब्द मात्र आमच्या माळ्यावर तसाच राहिला आहे. चोपडे व शिवोली यांच्यामध्ये शापोरा नदीवर पूल नव्हता, त्या काळी पावसाळ्यात म्हापशाचा बाजार गाठणे हे दिव्यच असे. समुद्र खवळला की मासळीही नाही. आजसुद्धा १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असतेच. अशा दिवसांत घराचा सारा आधार त्या पुरुमेतावर.

कणगी भरलेली असली म्हणजे घर संकटास सिद्ध झाले, अशी आमचीही समजूत होती. ती किती अपुरी आहे हे आम्हांस १६ मे २०२१ च्या रविवारी कळले.

त्या दिवशी ‘तौक्ते’ नावाचे चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेस गेले. महामारीमुळे संचारबंदी चालू होतीच. सकाळी आमच्या कुंपणावरचा एक माड विजेच्या तारांवर आडवा झाला व घरातील वीज गेली. वाटेवरही झाडे पडली होती. दिवसभर कौले सावरण्यात, गळती धरण्यात आणि पाण्याच्या घागरी आत आणण्यात गेला. आमच्या मातोश्रींना मधुमेह आहे. त्यांनी सायंकाळी नेहमीप्रमाणे इन्सुलिन टोचून घेतले. परंतु त्या गोंधळात त्या जेवल्या नाहीत, आणि त्या जेवल्या नाहीत हे आम्हां कोणाच्याच ध्यानी आले नाही. रात्री दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. दिव्यात घालावयास तेल होते. पण विजेरीतील सेल गंजलेले. डॉक्टरांचा क्रमांक फोनमध्ये, आणि फोन दुपारीच निपचित पडलेला. वर्षाचे तांदूळ घरात असताना दहा आकडे आमच्याजवळ नव्हते!

अशा वेळी आमची पुतणी, जी तेव्हा इयत्ता सातवीत होती, म्हणाली, “आजीला साखर द्या. शाळेत सांगितले होते.” आम्ही तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पाव तासाने त्यांनी डोळे नीट उघडले आणि “दिवा बारीक करा, तेल संपेल,” असे बजावले. तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. मग त्यांना पेज भरविली.

घडले ते असे होते. इन्सुलिन रक्तातील साखर उतरविते. वरून अन्न पोटात गेले नाही तर ती धोक्याच्या पातळीखाली जाते, आणि मेंदूला तर साखरेवाचून क्षणभर चालत नाही. म्हणून घाम, कंप व भ्रम. मनुष्य शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखर द्यावी, पंधरा मिनिटांनी फरक न पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीएक घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर निजवावे व १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. आणखी एक गोष्ट आम्ही नंतर शिकलो. वीज नसताना इन्सुलिनसाठी मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरावी. आतला गारवा कुपीस पुरतो. मोरजीत वाळूला तोटा नाही.

त्या रात्रीनंतर आमच्या घरी पुरुमेतात एका पत्र्याच्या पेटीची भर पडली. तीत विजेरी, निराळे बांधलेले सेल, आगपेटी, साखरेची पुडी, स्वच्छ फडकी, मातोश्रींच्या औषधांची यादी, महत्त्वाच्या कागदांच्या प्रती आणि थोडी रोकड असते. पेटीच्या झाकणावर आतून एक कागद डकविला आहे: ११२ सर्व संकटांसाठी, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशामक, १९०६ गॅसगळतीसाठी, खाली डॉक्टरांचा व शेजाऱ्यांचा क्रमांक. अक्षर पुतणीचे आहे. १९२३ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ जपानात १९६० पासून १ सप्टेंबर हा आपत्तीनिवारण दिन पाळतात. आमचा तो दिवस मिरच्या वाळविण्याचा!

विद्यार्थ्यांनो, पेटीत न मावणाऱ्या गोष्टीही थोड्या आहेत. गॅसचा वास आला तर विजेचे बटन चालू वा बंद करू नये, ठिणगी तेवढ्यानेही पडते; रेग्युलेटर बंद करून दारेखिडक्या उघडाव्या. भाजल्यास लोणी वा शाई लावण्याची आपल्याकडील रीत सोडून वीस मिनिटे साधे वाहते पाणी घालावे. पावसाळ्यात सरपणाच्या राशीत उंदीर येतात व त्यांच्यामागून साप. मण्यार तर रात्री जमिनीवर निजलेल्यांस चावते आणि दंश पुष्कळदा कळतही नाही. म्हणून मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. दंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, मंत्र घालणे यांत वेळ न दवडता तो अवयव हालू न देता रुग्णालय गाठावे. उतारा तेथील प्रतिविषातच आहे.

यंदा सेल बदलावयास पेटी उघडली, तेव्हा साखरेच्या पुडीला मुंग्या लागल्या होत्या. आता ती झाकणाच्या बाटलीत ठेवली आहे. मातोश्री म्हणतात, पुरुमेत भरले की दर महिन्याला उघडून पाहावे लागते, हे त्यांनी आम्हांस लहानपणीच सांगितले होते.