पडीक जागेची माती

मूल हें भाताचें गांव. चंद्रपुराच्या पूर्वेस सुमारें ४५ किलोमीटरवर, तळ्यांच्या आणि बांध्यांच्या मुलुखांत वसलेल्या ह्या गांवीं भातगिरणीचा आवाज कोणास नवा नाहीं. परंतु एखादी गिरणी बंद पडली, म्हणजे तिच्या आवाराचें काय होतें, हें पाहावयास कोणी थांबत नाहीं. पत्रे उतरतात, यंत्रें भंगारांत जातात, आणि मागें उरतो तरोटा, गाजरगवत व लोकांनीं टाकलेला कचरा. अशीच एक जागा आमच्या सांदवाडीस लागून होती. तिच्याविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलावे, असें मनांत आहे.

मार्च २०२० मध्यें देशभर टाळेबंदी झाली. भाजीबाजाराचा भरंवसा उरला नाहीं, आणि आमच्या घरांत तर चौदा पानें. तेव्हां आमच्या काकूंनीं त्या जागेकडे बोट दाखविलें. मालक नागपुरास असत. त्यांस दूरध्वनीवरून विचारिलें. “लावा कीं,” एवढेंच उत्तर आलें, आणि तेवढें आम्हांस पुरेसें वाटलें. तें पुरेसें नव्हतें, हें पुढें कळलें.

अशा कामांत आम्ही कांहीं पहिले नव्हतों. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं १८९३ सालच्या मंदीनें हजारों मजूर बेकार झाले, तेव्हां तेथील नगराध्यक्ष हेझन पिंग्री ह्यांनीं १८९४ मध्यें शहरांतील मोकळ्या जागा मालकांकडून मागून घेऊन गरजूंस बटाटे लावावयास दिल्या. पैसा जमेना, म्हणून स्वतःचा घोडा लिलावांत काढला. लोकांनीं थट्टा केली. बटाटे निघाले तेव्हां ती थांबली. पुढें तेंच शहर मोटारींच्या कारखान्यांनीं वाढलें आणि कारखान्यांबरोबरच ओसरलें. १९५० सालीं तेथील लोकवस्ती साडेअठरा लक्षांच्या घरांत होती. २०२० सालीं ती साडेसहा लक्षांहूनही कमी भरली. ओस पडलेल्या घरांच्या जागीं पुनः वाफे दिसूं लागले, आणि २०१३ मध्यें नगरसभेनें शहरांतील शेतीस नियमानें मान्यता दिली.

ज्यांस असा उद्योग करावयाचा असेल, त्यांनीं एक सावधगिरी बाळगावी. कारखान्याच्या जमिनींत थेट पेरूं नये. जुना रंग, फुटक्या बॅटऱ्या ह्यांतून शिसें मातींत उतरतें. तें डोळ्यांस दिसत नाहीं आणि लहान मुलांच्या मेंदूस बाधतें. पालेभाज्या व कंदमुळें ह्यांत त्याचा धोका अधिक, फळभाज्यांत कमी. म्हणून आम्हीं विटांचे हातभर उंच वाफे बांधले व त्यांत विकतची तांबूस माती, शेणखत आणि पालापाचोळा भरला. कोल्हापूरचे कै. श्रीपाद अच्युत दाभोळकर ह्यांनीं ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारें ऊन आणि पालापाचोळा ह्यांचा जो हिशेब घरोघर पोंचविला, तो येथें कामीं आला. एक चूक मात्र झाली. गिरणीचें ताजें तूस आम्हीं सढळ हातानें मिसळलें. तें कुजतांना मातींतील नत्र ओढून घेतें. आमचीं वांगीं पहिल्या वर्षीं पिवळीं पडलीं.

दुसऱ्या वर्षापासून ढेमसें, दोडकीं, चवळी, वालाच्या शेंगा आणि सांबार (पुण्याकडची कोथिंबीर) घरचीं मिळूं लागलीं. वानरें आपला वांटा नेत, शेजारीपाजारी आपला. जेथें कचरा पडे, तेथें संध्याकाळीं मुलें पाणी घालावयास जमूं लागलीं.

चौथ्या वर्षीं मालकांनीं जागा विकली. त्यांत त्यांचा दोष नव्हता. जागा त्यांची, आणि त्यांच्या घरीं मुलीचें लग्न होतें. नव्या मालकांनीं आठ दिवसांची मुदत दिली. काकू त्या आठ दिवसांत फारशा बोलल्या नाहींत. शेवटच्या दिवशीं त्यांनीं घमेलीं मागविलीं, आणि वाफ्यांतील माती आम्हीं सर्वांनीं मिळून सांदवाडींत आणली. ती आतां काळी झाली होती व तिच्यांत गांडुळें होतीं. ह्या उद्योगास आजवर ‘काकूंचा छंद’ म्हणणारे घरांतील कर्ते पुरुषही त्या दिवशीं डोक्यावर घमेलें घेऊन चालत होते.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच, कीं तोंडच्या शब्दावर विसंबूं नये. जागा किती वर्षें, पाणी कोणाचें, विक्री झाल्यास उभें पीक निघेपर्यंत मुदत किती, हें आरंभींच लिहून घ्यावें. आणि कुळाचा वा वहिवाटीचा हक्क आम्ही सांगणार नाहीं, हेंही आपण होऊन लिहून द्यावें. मालक कचरतो तो बहुधा ह्याच भयानें. तें गेलें, तर गांवांत किती जागा हिरव्या होतील! आमच्या नगरपरिषदेनें अशा कराराचा नमुना छापून ठेवल्यास मोठें काम होईल.

मागच्या आठवड्यांत सांदवाडींतील त्या मातींतून पहिलीं वांगीं निघालीं. काकूंनीं त्यांतलीं निम्मीं टोपलींत घालून नव्या मालकांच्या घरीं पाठविलीं. टोपली रिकामी परत आली नाहीं; तिच्यांत पायलीभर नवे तांदूळ होते.