अमेरिकेतल्या कोरियन ज्येष्ठांची झोप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत कोरियन वंशाचे सुमारे २० लाख लोक राहतात. देशवार कोट्याची जुनी पद्धत १९६५च्या स्थलांतर कायद्याने मोडीत निघाली आणि त्यानंतर गेलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांतल्या अनेकांनी लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये किराणा, भाजी किंवा ड्रायक्लीनिंगची दुकाने थाटली आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसून आयुष्य काढले. काही जण मात्र उतारवयात, मुलांनी बोलावून घेतल्यावर, नातवंडे सांभाळायला गेले. झोप नीट लागत नाही ही तक्रार दोन्हीकडे ऐकू येते. ती बहुधा घरातच राहते, कारण तिच्याभोवती समजुतींचे कुंपण आहे.

सर्वांत चिवट समजूत अशी, की वय झाले म्हणजे झोप कमीच लागते. वयाबरोबर गाढ झोपेचा वाटा घटतो, मधूनमधून जाग येते, शरीराचे घड्याळ पुढे सरकते, हे खरे. पण गरज फारशी घटत नाही. अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५मध्ये ६५ वर्षांवरील लोकांसाठी सात ते आठ तास झोपेची शिफारस केली. कमी झोप मिळणे आणि कमी झोप पुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात नुसते तास मोजून भागत नाही. झोपेचा दर्जा पाहण्यासाठी जगभर वापरली जाणारी पिट्सबर्ग प्रश्नावली (१९८९) झोप लागायला किती वेळ जातो, रात्रीत किती वेळा उठावे लागते, दिवसा पेंग येते का, गोळी घ्यावी लागते का, असे सारे विचारते. शून्य ते २१ गुणांच्या या मोजपट्टीवर पाचाच्या वर गेलेली झोप वाईट समजतात.

उलट, पहाटे चारला जाग येणे म्हणजे आजारच, हेही चूक. कोरियन चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेची जुनी परंपरा आहे आणि अनेक ज्येष्ठ पाच-साडेपाचला तिथे हजर असतात. रात्री नऊला निजणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते निजायला अकरा वाजतात तेव्हा. लॉस एंजेलिसमध्ये उन्हाळ्यातले रात्रीचे नऊ म्हणजे सोलमधला दुसऱ्या दिवशीचा दुपारचा एक. तिकडच्या बहिणीशी निवांत बोलण्याची हीच वेळ. फोन लांबतो, पहाटेची वेळ मात्र हलत नाही.

घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हा लठ्ठ माणसांचा रोग आहे, ही समजूत या समाजात विशेष घातक ठरते. पूर्व आशियाई लोकांत जबड्याची आणि चेहऱ्याची ठेवण अशी असते, की वजन बेताचे असूनही घशातली वाट अरुंद राहू शकते. दक्षिण कोरियातल्या ४० ते ६९ वयोगटाच्या २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २७ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत झोपेतल्या श्वासाचा बिघाड आढळला. त्यामुळे बारीक अंगाच्या आजोबांचे घोरणे हसण्यावारी नेऊ नये. उपचार न झालेला हा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, रक्तदाब वाढवतो आणि पक्षाघाताचा धोकाही.

सोजू या कोरियन दारूच्या पेल्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते, आणि दारूने घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची अडचण वाढते. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. त्यांत बहुधा डायफेनहायड्रामाइन असते आणि अमेरिकन वृद्धवैद्यक संस्था ज्येष्ठांनी ते टाळावे असे सांगते, कारण त्याने गोंधळल्यासारखे होते, तोल जातो. झोल्पिडेमसारख्या गोळ्यांवर तर २०१९पासून झोपेत चालण्याबद्दलचा ठळक इशारा छापावा लागतो.

बंद खोलीत पंखा चालू ठेवून झोपले तर माणूस मरतो, असे मानणारे कोरियन ज्येष्ठ आजही भेटतात. त्यापायी पंख्याला टायमर लावतात किंवा उकाड्यात तो बंदच करतात. या भीतीला वैद्यकीय आधार नाही. झोप लागताना शरीराचे तापमान उतरावे लागते. तापलेल्या खोलीत तेच अडते.

इतकी वर्षे झाली, आता कसला ताण, असेही म्हटले जाते. या पिढीतल्या अनेकांनी लहानपणी १९५० ते १९५३चे कोरियन युद्ध पाहिले. एप्रिल १९९२च्या लॉस एंजेलिस दंगलीत कोरियन मालकीच्या दोन हजारांहून अधिक दुकानांची जाळपोळ, लूट वा नासधूस झाली. अशा गिळलेल्या संतापातून छातीत दडपण, अंगात उष्णता आणि निद्रानाश येतो. कोरियन लोक त्याला ‘ह्वाब्योंग’ म्हणतात, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४च्या निदानपुस्तिकेतही त्याची नोंद आहे. मनाच्या दुखण्याची लाज वाटते म्हणून डॉक्टरपुढे छातीची किंवा पोटाची तक्रार येते. झोपेचा प्रश्न कोणी विचारला तरच खरे दुखणे कळते.

या वयात उपाय नाही, हे तर साफ खोटे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती सुचवली. उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे, जाग आल्यास तळमळत न पडणे ही तिची मुख्य अंगे, आणि ज्येष्ठांनाही ती लागू पडते. दिवसाचा उजेड आणि चार माणसांची सोबतही औषधासारखीच. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातल्या मॅकडॉनल्ड्समध्ये तासन्‌तास बसणाऱ्या कोरियन ज्येष्ठांवरून जानेवारी २०१४मध्ये वाद पेटला. तेव्हा खरी गरज दिसली ती घराबाहेर बसायच्या जागेची.

मुलगा दुभाष्या म्हणून सोबत असला की पुरे, हा शेवटचा गैरसमज. मुलासमोर बाप दारूचे प्रमाण सांगत नाही आणि सुनेच्या घरातली घुसमट आई सांगत नाही. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार केंद्रीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाष्या मोफत द्यायचा असतो, आणि पिट्सबर्ग प्रश्नावलीही कोरियन भाषेत उपलब्ध आहे. डॉक्टरची वेळ घेतानाच या दोन्ही गोष्टी मागून घ्याव्यात.